हवालदाराचा पत्रा

मित्रांनो, जवळ या, पण मला हलवू नका. मी एक जुना पत्रा आहे. माझ्या अंगावर गंज चढला आहे आणि एक कोपरा मुडपला आहे. सध्या मी शालूबाईंच्या खुराड्यावर पडून असतो आणि माझ्याखाली कोंबड्या झोपतात. मला पाहून आज कोणी घाबरणार नाही. पण एक काळ असा होता की माझ्या आवाजाने माणसे भरल्या ताटावरून उठून पळत. त्यापुढे आणखी वाईट काळ आला. माझा आवाज ऐकून माणसे उठेनाशी झाली. त्या दिवसांची भीती अजून माझ्या अंगातून गेलेली नाही. तीच तुम्हाला सांगतो.

माझी उमेदीची वर्षे सांगलीत एका नाटक कंपनीत गेली. मी कधी रंगमंचावर आलो नाही. पडद्यामागे मला दोरीने आढ्याला टांगलेले असे. माझ्या खालच्या कडेला एक लाकडी मूठ होती. नाटकात वादळ आले, राजावर संकट आले, की एक म्हातारा माणूस ती मूठ धरून मला हलवी आणि पुढे बसलेल्या लोकांना ढग गडगडल्यासारखे वाटे. तो म्हातारा नव्या माणसाला शिकवताना सांगे की पत्र्याला मारायचे नसते, हलवायचे असते. हळू हलवला तर संकट डोंगरापलीकडे असते, जोरात हलवला तर ते दारात आलेले असते. मला त्याचा हात आवडायचा. लोक घाबरायचे, पण तिकीट काढून घाबरायचे, आणि पडदा पडला की हसत घरी जायचे. माझ्यामुळे कोणाचे काही बिघडेल असे मला तेव्हा वाटले नव्हते.

पुढे कंपनी बसली. पडदे, मुकुट, लाकडी तलवारी, सगळे विकायला काढले. पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका गावातून इमाम नावाचा कारागीर जुने पत्रे घ्यायला सांगलीला येत असे. तो डबे, चाळण्या, रॉकेलच्या चिमण्या करायचा. त्याने मला गुंडाळून एसटीच्या टपावर टाकले. मला कापून त्याचे डबे होणार होते. पण रस्ता खराब होता, माझी दोरी सुटली आणि वळणावळणावर मी गडगडू लागलो. गाडीतल्या बायका घाबरून खिडकीतून डोंगराकडे पाहू लागल्या. कंडक्टरने गाडी थांबवली आणि इमामला टपावर चढून मला दाबून बसायला लावले. तो कराडपासून गावापर्यंत माझ्यावर बसून आला. गावात उतरताना तो स्वतःशीच म्हणाला, “तुला कापायचा न्हाई गड्या. तुझं काम हवालदाराकडं हाय.”

हा हवालदार म्हणजे नाथाजी. फौजेतून निवृत्त होऊन गावी आलेला, सरळ पाठीचा, मोठ्या आवाजाचा माणूस.

त्या गावाबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. सदुसष्ट सालच्या डिसेंबरात, पहाटेच्या वेळी तिथे मोठा भूकंप झाला होता. गावातली बरीचशी घरे पडली होती. शालूबाईंचे मालक त्यातच गेले. त्यानंतर लोक कितीतरी महिने शेतात छपरे घालून राहिले. घरे पुन्हा उभी राहिली, पण जमीन पुरती शांत झाली नव्हती. अधूनमधून ती हलायची. हलण्याआधी जमिनीच्या पोटातून गडगड असा आवाज यायचा. आवाज आणि हादरा यांच्यामध्ये एक श्वास घेण्याएवढा वेळ मिळायचा. कधी तेवढाही मिळत नसे.

त्यावरून गावात एक रीत पडली होती. ज्याला आवाज आधी ऐकू येईल त्याने “भाईर” म्हणून ओरडायचे. ते ऐकले की लहानथोर सगळ्यांनी हातातले काम टाकून खळ्यावर जायचे. पुष्कळदा काहीच व्हायचे नाही. एखादा ट्रक गेलेला असे, किंवा खाणीत सुरुंग उडालेला असे. तव्यावरची भाकरी करपायची. पण उगाच बाहेर काढले म्हणून कोणी कोणाला हसत नसे. हसायचे नाही, हाच त्या रितीचा मुख्य भाग होता. आणि सगळ्यात आधी आवाज ऐकणारे कान शालूबाईंचे होते.

नाथाजी हवालदाराने छपरातल्या त्या दिवसांत लोकांचे मन रमावे म्हणून एक खेळ सुरू केला होता. फौजेत मोहिमेच्या आधी साहेब लोक वाळूत डोंगर, नदी, रस्ते मांडत आणि एकेका जवानाला विचारत, आता तू काय करशील? तसेच नाथाजीने एका जुन्या दाराची फळी दोन खोक्यांवर ठेवून मेजासारखी केली. तिच्यावर माती पसरून गड, खिंड, ओढा असे मांडले. मेजाभोवती बसलेला कोणी किल्लेदार व्हायचा, कोणी जासूद, कोणी वैदू. नाथाजी गोष्ट सांगत जायचा आणि मध्येच थांबून विचारायचा, “खिंडीत धुकं हाय. पुढं पाऊल वाजलं. जासूदा, काय करतोस?” तो सांगेल ते जमले की नाही, हे कवड्या टाकून ठरायचे. या खेळात कोणी जिंकत नसे. गोष्ट तेवढी पुढे जात राही. गाव त्याला मातीचा डाव म्हणे. घरे बांधून झाल्यावरही नाथाजीच्या घरात, पुढच्या सोप्यात, संध्याकाळी डाव चालू राहिला.

डावाला आवाज देण्याचे काम नाथाजीची सून विजयमाला करी. तिचा नवरा फौजेत होता. सुपात हरभरे फिरवून ती पाऊस पाडायची. करवंट्या मातीवर आपटून घोडे आणायची. गुहा आली की घंगाळात पाण्याचा एकेक थेंब सोडायची. डिमडीवर ओला अंगठा घासला की जनावर गुरगुरायचे. इमाम तुणतुणे घेऊन बसायचा. बाजाराच्या वेळी तो ते भराभर वाजवी आणि भीतीच्या वेळी एकच सूर लांब अंतराने छेडी. कोणत्या जागी कोणता आवाज, यावर त्यांचे फार बोलणे चाले. नाथाजीला सगळे मोठे लागायचे. विजयमाला म्हणायची, “मामंजी, आवाज तुमच्या बोलण्याच्या खाली ऱ्हायला पायजे. वर आला की माणूस गोष्ट सोडून आवाजाकडं बघतंय.” आणि कवड्या हवेत असताना काहीही वाजवायचे नाही, हा तिचा नियम होता.

मी गावात गेलो त्या दिवसांत डाव अशा जागी आला होता की गडाखालचा डोंगर हलणार होता. विजयमालाने त्यासाठी रिकामे जाते फिरवून पाहिले. ते ऐकून शालूबाईंचा मुलगा केरबा म्हणाला की डोंगर हलतोय का कोण दळण दळतंय? केरबा डावात जासूद असायचा आणि सगळ्यांची थट्टा करायचा. मग इमामने मला आणले. सोप्याच्या भिंतीवर मोठ्या खिळ्याला मला टांगले. विजयमालाने मूठ धरली आणि मला हळू हलवले.

मित्रांनो, माझ्या पोटातून तो आवाज निघाला आणि मीच दचकलो. सांगलीत माझा आवाज ढगांचा होता. या खोऱ्यातल्या लोकांच्या कानांत तो जमिनीचा झाला. शालूबाई उंबऱ्याजवळ बसल्या होत्या. त्या “भाईर” म्हणून ओरडल्या आणि अख्खी गल्ली खळ्यावर धावली. बायकांच्या हातांना पीठ होते. शेजारचे कोंडीबा, जे दिवसभर भिंतीला टेकून घायपाताची दोरी वळत, ते दोरीसकट धावले. मागाहून कळले की तो पत्रा होता.

आणि लोक हसले. पहिल्यांदाच हसले. केरबा पोट धरून म्हणाला, “आये, पत्र्याला भ्यालीस व्हय? उद्या डबा पडला तरी पळशील.” शालूबाई हात झटकत घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या नाथाजीकडे आल्या. त्यांनी मला एकदा नीट पाहिले आणि म्हणाल्या, “भावजी, डावात वाघ आणा, चोर आणा, भुतं आणा. ह्यो आवाज तेवढा नगं. ह्यो खऱ्याला राखून ठिवा.”

नाथाजी वाईट माणूस नव्हता. त्याने त्यांना समजावले की फौजेत नव्या जवानाच्या डोक्यावरून गोळ्या झाडतात, म्हणजे तो आवाजाला सरावतो आणि लढाईत दचकत नाही. गावाचेही तसेच करायला हवे. किती वर्षे भिऊन जगायचे? रोज थोडी गडगड ऐकली की भीती मोडेल. विजयमालाने सुचवले की निदान पत्रा हलवण्याआधी सांगू या. पण केरबा म्हणाला की सांगून वाजवले तर डोंगर हललाच नाही म्हणा. नाथाजीला ते पटले. शालूबाई गेल्या. पण त्या दिवसापासून डावाच्या वेळी त्या रोज येऊन उंबऱ्याजवळ बसू लागल्या. पत्रा आहे की जमीन, हे कोणीतरी कान देऊन ऐकायला हवे, एवढेच त्यांनी सांगितले.

मग माझे कौतुकाचे दिवस आले. डोंगर हलण्याची गोष्ट संपली तरी नाथाजी दुसऱ्या गोष्टींत मला घेऊ लागला. सैन्य आले, पत्रा. राक्षस जागा झाला, पत्रा. खालच्या वाडीतले लोक माझा आवाज ऐकायला येऊन बसत. विजयमालाचा हात सांगलीच्या म्हाताऱ्याइतका तयार झाला. मला तेलाने पुसत, माझ्या खिळ्याला नवी दोरी लावत. एखाद्या वस्तूला याहून काय हवे असते?

पण मी भिंतीवर टांगलेला असल्यामुळे मला गल्लीतले बोलणे ऐकू येई. पहिल्या आठवड्यात माझा आवाज झाला की पावले धावत. पुढे पावले दारापर्यंत येऊन थांबू लागली. नंतर येईनाशी झाली. कोंडीबा दोरी वळता वळता म्हणायचे, “हवालदाराचा पत्रा.” आणि पुन्हा दोरीला लागायचे. एकदा दुपारी डाव नव्हता, विजयमाला ओढ्यावर होती आणि जमीन खरोखर हलकीशी गडगडली. मी खिळ्यावर जरासा थरथरलो. शालूबाई एकट्या “भाईर” म्हणत खळ्यावर जाऊन उभ्या राहिल्या. शेजारून कोंडीबांचा आवाज आला, “हवालदाराचा पत्रा.” कोणीही उठले नाही. शालूबाई परत आल्या तेव्हा ओट्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

त्या दिवसापासून मला भीतीने घेरले. मला एकच शब्द बोलता येत होता आणि तो खोटा होता. खरा शब्द येईल तेव्हा तो माझाच वाटेल, हे मला दिसत होते. सांगायचे कसे? पत्र्याला हलवल्याशिवाय बोलता येत नाही. रोज संध्याकाळी विजयमाला मूठ धरायची तेव्हा मी मनात म्हणायचो की आज नको. आणि माझ्याच अंगातून तो आवाज निघायचा, गोल, घुमणारा, सुंदर.

दसरा होऊन गेला होता. दिवेलागणीची वेळ होती. डाव रंगात आला होता. केरबाची बायको रानातून यायची होती, म्हणून शालूबाईंनी नात बरोबर आणली होती आणि आतल्या खोलीत झोळीत निजवली होती. त्या नेहमीप्रमाणे उंबऱ्याजवळ बसल्या होत्या. गोष्टीत जासूद शत्रूच्या भुयारात शिरला होता. सोप्यात अंधारून आले, म्हणून विजयमाला दिवा आणायला स्वयंपाकघरात गेली. इमाम तुणतुण्यावर एकच सूर छेडत होता. नाथाजी आवाज खाली आणून म्हणाला, “जासूदा, पुढं वाट न्हाई. काय करतोस?”

तेवढ्यात गडगड झाली.

लांबून आली, खालून आली. मला कोणी हात लावलेला नव्हता. नाथाजीच्या तोंडावर हसू आले. तो अंधारातच म्हणाला, “लय बेस विजयमाला, पर थोडी घाई केलीस.” केरबा मांडी ठोकून हसला. शालूबाई उठल्या आणि ओरडल्या, “भाईर.”

“आये, बस खाली,” केरबा म्हणाला. “पत्रा हाय.”

शालूबाईंनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. नात आत होती. त्या बाहेर न जाता आतल्या खोलीकडे वळल्या. त्याच वेळी स्वयंपाकघराच्या दारात विजयमाला आली. तिच्या एका हातात कंदील होता आणि दुसऱ्या हाताने तिने त्याची काच धरलेली होती. सगळ्यांनी तिचे हात पाहिले. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी खिळ्यावर एकटाच थरथरत होतो. कोणी हलवत नसताना वाजत होतो. मित्रांनो, इतकी वर्षे मी लोकांना घाबरवले, पण माणसांचे तसे चेहरे मी कधी पाहिले नव्हते. इमामच्या हातातून तुणतुणे खाली पडले.

मग जमीन हलली. मेजावरचा मातीचा गड कोसळला, कवड्या सांडल्या. वरून कौले पडू लागली. माणसे एकमेकांवर आपटत दारातून बाहेर गेली. मी खिळ्यासकट भिंतीवरून सुटलो आणि तोंडावर आपटलो, म्हणून पुढचे मला फक्त ऐकू आले. आतल्या खोलीची भिंत बसल्याचा आवाज आला. त्यानंतर केरबाची हाक. तो खळ्यावरून परत फिरला होता आणि इमाम त्याला धरून ठेवत होता. “आये,” तो हाका मारत होता, “आये, बोल की.” आतून काही उत्तर येत नव्हते. धूळ माझ्या पाठीवर बसत होती. मला वाटले, संपले.

नंतर माझ्या अंगावरून एक पाऊल गेले. लंगडत गेले. मी वाजलो. शालूबाई पाठमोऱ्या सरकत, भिंतीच्या आधाराने बाहेर पडल्या. नात त्यांनी पोटाशी धरली होती आणि वरून पडणाऱ्या कौलांना आपली पाठ दिली होती. एक खांदा मोडला होता. पोर मोठ्याने रडत होते. ते रडणे ऐकून केरबा जमिनीवर बसला.

पण खळ्यावर सगळे आलेले नव्हते. कोंडीबांचे घर आणि आमचे घर यांच्यामधली भिंत त्यांच्या बाजूला पडली होती. कंदिलांच्या उजेडात लोकांनी दगड उचलले. कोंडीबा जिवंत सापडले. ज्या जागी बसून ते दोरी वळत तिथेच, त्याच बैठकीत होते. ते उठलेच नव्हते. हातात दोरीचा पीळ तसाच होता. दोन्ही पाय दगडांखाली होते. नाथाजीने त्यांना बगलेत हात घालून ओढून काढले. तेव्हा ते नाथाजीकडे बघत म्हणाले, “मला वाटलं, पत्रा हाय.”

ते रागाने बोलले नाहीत. साधेच बोलले. नाथाजीने त्यांना बैलगाडीत घातले आणि कराडच्या दवाखान्यात नेले. कोंडीबांचा एक पाय वाचला, दुसरा वाचला नाही.

काही दिवसांनी नाथाजी शालूबाईंच्या दारात उभा राहिला. त्यांचा हात गळ्यात बांधलेला होता. तो आत आला नाही. तिथूनच म्हणाला, “वहिनी, मी मानसांची भीती मोडली. ती मोडायची न्हवती.” शालूबाईंनी त्याला बसायला सांगितले आणि केरबाच्या बायकोला चहा ठेवायला सांगितला. केरबा मात्र आईसमोर उभा राहायचा आणि तसाच निघून जायचा. तिने त्याला त्या संध्याकाळबद्दल कधी विचारले नाही.

मला वितळवून टाका असे कोणी म्हणाले. इमामने मला कापायला घेतले. तेव्हा शालूबाईंनी मला मागून घेतले. सूड म्हणून नव्हे. खुराड्याला छप्पर नव्हते, एवढेच कारण त्यांनी सांगितले. इमाम आणि केरबाने मला उचलून इथे घातले.

मातीचा डाव वर्षभर बंद होता. मग लोकांनीच नाथाजीला गळ घातली आणि आता तो उघड्या खळ्यावर चालतो. मी इथून ऐकत असतो. सुपातले हरभरे वाजतात, करवंट्या वाजतात, इमामचा एकच सूर लांबलांब येतो. एकदा गोष्टीत पुन्हा डोंगर हलायची जागा आली. विजयमालाने विचारले की मामंजी, इथं काय वाजवू? नाथाजीने तिला सांगितले की इथे काही वाजवायचे नाही. इथे सगळ्यांनी नुसते ऐकायचे. खळ्यावर इतकी शांतता झाली की खालच्या ओढ्याचे पाणी ऐकू आले. लोक त्या शांततेत बसून राहिले. केरबाने हळूच हात लांब करून आईचा पदर धरला. माझ्या आवाजाने डोंगर इतका कधी हलला नव्हता.

मित्रांनो, तुम्ही खेळ खेळा, गोष्टी सांगा, त्यांना हवे ते आवाज द्या. वाघ गुरगुरू द्या, पाऊस पडू द्या. पण तुमच्या गावात एखादा आवाज जीव वाचवण्यासाठी राखलेला असेल, तर तो गमतीत घेऊ नका. आणि तो ऐकून एखादी म्हातारी उगाच बाहेर आली, तर तिला हसू नका. तिच्याबरोबर बाहेर या. थोडा वेळ उभे राहा. काही झाले नाही तर पुन्हा आत जा. भाकरी दुसरी करता येते.

माझी भीती अजून गेलेली नाही. या खोऱ्यात वारा फार आहे. रात्री तो माझ्या कडेखाली शिरतो आणि मला उचलू पाहतो. तेव्हा मला वाटते, मी वाजेन, आणि कोणीतरी अंथरुणातच कूस बदलून म्हणेल, पत्रा हाय. म्हणून शालूबाईंनी माझ्यावर दगड ठेवले आहेत. वारा वाढला की त्या आपल्या धड हाताने आणखी एखादा दगड आणून माझ्यावर ठेवतात आणि तळव्याने दाबून बघतात, मी हलतो का. मी हलत नाही. ते ओझे मला बरे वाटते. तुम्हीही जाताना, जमले तर, एक दगड ठेवून जा.